मदर्स ब्रदर

आमच्या सरांना कुणी 'अंकल' म्हटलं की सर लगेच चौकशी सुरू करायचे. "कुणीकडून?" हा पहिला प्रश्न. समोरचा गोंधळला की दुसरा, "आईकडून का बापाकडून?" एकदा केजच्या बसस्टँडवर नव्या इंग्रजी शाळेतलं, टाय लावलेलं एक पोरगं त्यांना म्हणालं, "अंकल, टाइम काय झाला?" सरांनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. पोराला बाकावर शेजारी बसवून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मी तुझ्या आईचा भाऊ हाय का बापाचा?" पोरगं रडकुंडीला आलं. त्याची आई पळत आली, तर सर तिलाच म्हणाले, "घाबरू नका ताई. पोरगं मला नात्यात घेतंय. कंच्या नात्यात घेतंय तेवढं बघतोय." या सगळ्यात सरांची बस निघून गेली. पुढच्या बसची वाट बघत ते तिथेच शेंगा खात बसले आणि त्या बाईचं माहेर कुठलं, हे काढूनच उठले.

गावात त्यांना पाठीमागे 'कुणीकडून सर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि त्यांना ते आवडायचंही.

युसूफ वडगावच्या शाळेत सरांनी मला इंग्रजी शिकवलं. आता मी पुण्यात एका कंपनीत दिवसभर इंग्रजी बोलून पोट भरते, म्हणजे शिकवलेलं वाया गेलं असं म्हणता येणार नाही. पण सरांसारखं इंग्रजी बोलायला लागले तर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागेल. त्यांच्या इंग्रजीत 'अंकल' नव्हता, 'आंटी' नव्हती, 'कझिन' नव्हता, आणि नावामागे 'इन-लॉ' लावून येणारी सगळी मंडळी वर्गाबाहेर उभी होती. "कायद्यानं बहीण? बहीण कधी कायद्यानं होत असती का? कोर्टात गेलती का नणंद मिळवायला?" असं ते विचारायचे, आणि आम्ही पोरं न समजता हसायचो.

पुस्तकात कुटुंबाच्या झाडाचं एक चित्र होतं. वर आजी-आजोबा, खाली आईवडील, एक अंकल, एक आंटी, आणि तळाशी गोरीगोमटी दोन मुलं. हा धडा आला की सर पुस्तकं मिटायला लावायचे. "ह्या झाडाला फांद्या कमी हैत. आपल्या जमिनीत जगायचं न्हाई." मग ते खडू घेत. "अंकल म्हणजे गोणी. चुलता बी घाला, मामा बी घाला, मावसा बी घाला, आत्याचा मालक बी घाला. तोंड शिवलं की भाईरून काय दिसतंय? पोतं. आत ज्वारी हाय का हरभरा, कुणाला कळायचं?" आणि ते पोतं उसवून एकेक माणूस फळ्यावर मांडायचे. मदर्स ब्रदर. फादर्स यंगर ब्रदर. फादर्स सिस्टर्स हजबंड. साडूपाशी आले की त्यांचा आवाजच बदलायचा. "वाइफ्स सिस्टर्स हजबंड. बघा, केवढा वळसा! अन माणूस मात्र जेवायला बसतोय मांडीला मांडी लावून."

चाचणी परीक्षेत मी मामीला 'मदर्स ब्रदर्स वाइफ' लिहिलं. पेपर तपासायला दुसरे गुरुजी होते. त्यांनी ते खोडून वर लाल शाईने 'आंटी' लिहिलं. सर तो पेपर घेऊन गुरुजींच्या घरी गेले आणि त्यांच्या बायकोला विचारून आले, की वहिनी, तुमच्या भाच्याने तुम्हाला आत्या न म्हणता मामी म्हटलं तर चालेल का. मार्क काही वाढले नाहीत. गुरुजींच्या घरात मात्र त्यावरून दोन दिवस वाद चालला होता, असं ऐकलं.

रजा मागायची तर इंग्रजीत मागायची, असा वर्गाचा नियम होता. माझ्या वर्गातला एक मुलगा एके सकाळी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माय अंकल इज डेड." सर म्हणाले, "वाईट झालं रे. पण कंचे? अंकलचं सुतक किती धरायचं, मला ठाऊक न्हाई. चुलता असला तर तुला दहावा-तेरावा उरकूनच यावं लागंल. मामा असला तर लवकर येशील." आम्हाला वाटलं, सरांचं आता अतीच होतंय. मुलगा रडत म्हणाला, "आत्याचे मालक हैत सर." सर खुर्चीवरून उठले, त्याला स्वतः पाणी दिलं आणि म्हणाले, "मंग तू हितं कावून उभा हायस? आत्या एकटी पडली आसंल. तिला आज माहेरचं कुणीतरी दिसायला पाहिजे. तू माहेर हायस तिचं, जा." त्याच्याबरोबर शिपायाला पाठवून त्यांनी त्याला बसमध्ये बसवून दिलं. त्या दिवसानंतर 'कुणीकडून' या प्रश्नाला मी पहिल्यासारखं हसले नाही.

तेवढं एक सोडलं तर सरांना हसायला कारणं भरपूर होती. घड्याळ ते उजव्या हाताला बांधायचे. बायकोचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नाही, ते एकवेळ समजता येतं. पण 'आमची मंडळी', 'आमचं घर' असंही म्हणायचे नाहीत. बायकोचा उल्लेख ते 'आमच्या सासूबाईंची थोरली लेक' असा करायचे. काकू पदराआडून म्हणायच्या, "एवढी पोरं शिकवली इंग्रजी, पर बायकोला वाइफ म्हणायचं धाडस झालं न्हाई." स्टँडवरच्या हॉटेलात नवा माणूस दिसला की सर त्याच्या टेबलावर जाऊन बसायचे. एकदा बँकेत बदलून आलेला वडवणीकडचा एक तरुण त्यांच्या तावडीत सापडला. त्याच्या मावशीच्या दिरापर्यंत पोचेपर्यंत चहावर साय धरली, पण सरांना वाट सापडली. "म्हंजे तुमी माझे भाचे लागता," ते म्हणाले आणि त्याला जेवायला घरी घेऊन गेले. तो पोरगा पुढे बदली होईपर्यंत दर रविवारी त्यांच्याकडे जेवला. काकूंना तो 'मामी'च म्हणायचा.

निवृत्त झाल्यावर सरांच्या हातात माइक आला. आमच्याकडे लग्नात मान घ्यायचा असतो. म्हणजे माइकवरून एकेका पाहुण्याचं नाव आणि नातं पुकारायचं, तो पुढे येतो, त्याला टोपी-टॉवेल, नाहीतर नात्याप्रमाणे पूर्ण कापड दिलं जातं. ऐकायला सोपं वाटतं. पण कुणाचं नाव कुणानंतर घेतलं, यावरून आमच्या तालुक्यात भाऊबंदक्या झाल्यात. सर माइकवर असले की मुलीचा बाप निर्धास्त असायचा. हातात चिठ्ठी नाही, काही नाही. डोळे मिटून सर नाती पुकारत, आणि पाहुणे आपापल्या जागी बरोबर येऊन उभे राहत.

माझ्या भावाच्या लग्नात सर नव्हते. त्याच तिथीला त्यांच्या सासूबाईंच्या धाकट्या लेकीच्या मुलीचं लग्न जालन्याला होतं. माझ्या वडिलांनी मग एक अँकर आणला. गॉगल लावलेला, शेरोशायरी करणारा. मान घ्यायची वेळ आली तेव्हा तो ओरडला, "आता येतायत आपल्या नवरदेवाचे लाडके अंकल्स, जोरदार टाळ्या!" आणि एका दमात सगळ्यांना रांगेत उभं केलं. चुलते, वडिलांचे दोस्त, खताच्या दुकानाचे मालक, आणि त्यांच्यातच माझा मामा. आईचा थोरला, सख्खा भाऊ. धारूरहून परीटघडीचं धोतर आणि फेटा घालून आलेला. एरवी त्याचा मान पहिला, आणि पूर्ण कापडाचा. त्या दिवशी खतवाल्यांच्या डोक्यावर टोपी ठेवून झाल्यावर त्याच्या फेट्यावरच एक टोपी टेकवली गेली आणि रांग पुढे सरकली.

मामाने टोपी काढली, मांडवाच्या खांबाला अडकवली आणि न जेवता निघून गेला. वडील त्याच्या मागे गेले असते तर तिथेच मिटलं असतं. ते जागेवरूनच म्हणाले, "टोपीच तर व्हती. एवढा मान लागतोय तर पत्रिकेत सगळ्यात पहिलं नाव छापून घ्यायचं व्हतं." हे मामाच्या कानावर गेलं. अशा गोष्टी जात असतातच.

त्यानंतर आईचं माहेर बंद झालं. कुणी बंद केलं नाही, हीच तर अडचण होती. आमच्याकडे बाई माहेरी आपल्या पायाने जात नाही, तिला न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. पंचमी आली की मामा स्वतः मुराळी होऊन यायचा, एक रात्र राहायचा आणि आईला घेऊन जायचा. आता तो येईना. वडील म्हणायचे, "जा की तू. मी कधी न्हाई म्हणलं?" आई म्हणायची, "तुमी जा म्हणून जाता येत न्हाई. तिकडून ये म्हणावं लागतंय." आणि मामा म्हणायचा, "माझ्या बहिणीला आणायला मला दाजीच्या दारात जावं लागतंय. दाजी या म्हणले तर जाईन." दोघेही बरोबर होते आणि आई मधल्यामधे अडकली होती. पंचमीच्या दिवशी ती फाटकी लुगडी काढून गोधडी शिवायला बसायची. झोपाळ्यावर बायका गाणी म्हणायच्या, ती सुई ओवत राहायची. मला तिचा राग यायचा, वडिलांचा यायचा, मामाचा तर फारच यायचा. टोपीपायी एका बाईचं माहेर जातं, हे पुण्यात कुणाला सांगायची सोय नव्हती.

अशात माझं लग्न ठरलं. नवरा कोलकात्याचा, आमच्याच कंपनीतला. वडिलांनी आरडाओरडा केला नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "त्यांच्यात मान कसा देतेत?" मी म्हटलं, मला काय माहीत. पाहुण्यांना मराठी येत नाही, आपल्याला बंगाली येत नाही, तेव्हा माइकवर इंग्रजी लागणार, हे मात्र दोन्ही घरांना कळलं. आणि इंग्रजी म्हणजे सर.

सरांनी होकार दिला आणि लगेच विचारलं, "मामाचं काय?"

आमच्या लग्नात नवरीला मांडवात आणतो तो मामा. मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा असतो तोही मामाच. वडील म्हणाले, "पत्रिका पाठवलीय. नाव सगळ्यात पहिलं छापलंय. आजून काय करू?" त्यांच्या परीने ते अर्ध्यापर्यंत आले होते. उरलेल्या अर्ध्यासाठी धाकट्या चुलत्याला तयार ठेवलं होतं. चुलता बिचारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, माझ्यावर ही पाळी आणू नको. मला बी धारूरच्या बाजाराला जावं लागतंय."

सर मला म्हणाले, "चल, मामाकडं जाऊन येऊ."

"सर, मी जाऊन आलेय. तो म्हणतो, पोरी, तुझ्यावर राग न्हाई. पण बोलावणं तोंडानं असतंय, छापून नसतंय."

"बरोबर म्हणतोय. आपण बोलवायला जातच न्हाई."

बसने निघालो. केजपर्यंत सरांनी कंडक्टरचं आजोळ काढलं. धारूरला उतरून मामाच्या मळ्यात पोचलो तेव्हा मामा ओट्यावर बसला होता. मामीने पाणी दिलं. मला बघून मामाच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याने उपरण्याने टिपलं, आणि सरांकडे बघून चेहरा पुन्हा कडक केला. "बोलवायला आले आसाल तर च्या पिऊन जावा," तो म्हणाला.

"बोलवायला न्हाई आलो," सर म्हणाले. "ते मुलीच्या बापाचं काम, माझं न्हाई. मी माप घ्यायला आलोय. तुमचं नाव मला विंग्रजीत पुकारायचंय. अंगाला बसतंय का तेवढं बघा." आणि ओट्यावर सरळ उभे राहून, समोर माइक असल्यासारखा हात धरून, त्यांनी खड्या आवाजात सुरुवात केली. "लेडीज अँड जंटलमेन, द ब्राईड विल बी ब्रॉट बाय हर मदर्स एल्डर ब्रदर!"

गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली. बांधावरचे गडी जवळ आले. मामाने विचारलं, "अर्थ?"

"मुलीच्या आईचा थोरला भाऊ."

मामाने ते तोंडातल्या तोंडात घोळवून बघितलं. मग म्हणाला, "सख्खा कुठं हाय त्याच्यात?"

सर अडले. इंग्रजीत सख्खा नव्हता. इतक्या वर्षांत त्यांना कुणी हे विचारलं नव्हतं. ते ओट्यावर येरझाऱ्या घालायला लागले, शेंगा मागून घेतल्या, दोन-चार खाल्ल्या, आणि मग थांबून म्हणाले, "बॉर्न ऑफ द सेम मदर. म्हंजे एकाच आईच्या पोटचा." त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पुकारलं, या वेळी पूर्ण.

मामाने डोळे मिटून ऐकलं. "बसतंय," तो म्हणाला. "पर मी येणार न्हाई. बोलावलेलं न्हाई."

"मी कुठं या म्हणलोय?" सर म्हणाले. "मापात हाय, एवढं कळलं, बास झालं."

निघताना मामीने सीताफळांची पिशवी माझ्या हातात दिली. हंगामातली शेवटची होती. "वन्संला दे," ती हळूच म्हणाली. आईने ती फळं घरी तांदळाच्या डब्यात पिकत घातली आणि एकटीनेच खाल्ली. कुणाला विचारलं नाही. आम्हीही मागितली नाहीत.

लग्नाच्या दिवशी केजच्या कार्यालयात गर्दी ओसंडत होती. पाहुणे कोलकात्याहून मोजकेच आले होते. त्यांच्यात नवऱ्याची आजी सगळ्यात मोठी. पांढऱ्या साडीत, पहिल्या रांगेत, हातात पंखा. तिला इंग्रजीही बेताचंच यायचं. मला करवल्यांनी दाराशी आणून उभं केलं. माझ्या शेजारी चुलता, कडक टोपी घातलेला, घामाने डबडबलेला. मामा आला नव्हता. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला. आई स्टेजच्या कोपऱ्यात अक्षतांचं ताट धरून उभी होती, आणि ताटाकडेच बघत होती.

सरांनी माइक घेतला. "लेडीज अँड जंटलमेन, द ब्राईड विल बी ब्रॉट बाय हर मदर्स एल्डर ब्रदर, बॉर्न ऑफ द सेम मदर," ते म्हणाले, आणि जरा थांबून पुढे जोडलं, "अँड बाय नो अदर पर्सन." मग तेच मराठीत. मग ते दाराकडे बघत उभे राहिले.

कुणी आलं नाही. कार्यालयात कुजबूज सुरू झाली. वडील लगबगीने सरांपाशी गेले आणि हळूच बोलले, पण माइक चालू होता, त्यामुळे गेटवरच्या भोंग्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. "सर, म्होरं घ्या की. मुहूर्त चाललाय. चुलता हाय ना उभा."

"चुलता हाय," सर म्हणाले. "त्याला चुलता म्हणून बोलवीन, त्याच्या जागी. ही जागा त्याची न्हाई."

"आवो, पाव्हण्यास्नी काय कळतंय? त्यांच्यात समदे अंकलच."

सर काही बोलायच्या आत पहिल्या रांगेतून आजीचा आवाज आला. तिने शेजारच्या मुलाला विचारून सरांच्या इंग्रजीचा उलगडा करून घेतला होता. पंखा खाली ठेवून ती स्टेजकडे बघत म्हणाली, "मामा? मामा कोथाय?"

तिचं बंगाली समजायला कुणालाच अडचण पडली नाही. अख्ख्या कार्यालयाची मान वडिलांकडे वळली. सरांच्या तोंडावरचा भाव मला अजून दिसतो. आयुष्यभर ज्या माणसासाठी ते इंग्रजीशी भांडले, तो माणूस हजार मैलांवरच्या म्हातारीला आपल्याच शब्दात ठाऊक होता. ते हसले नाहीत. माइक त्यांनी वडिलांच्या हातात दिला. "व्याह्यांनी इचारलंय," ते म्हणाले. "ह्याचं उत्तर मुलीच्या बापानं द्यायचं असतंय."

माझ्या वडिलांनी बाजार समितीच्या सभेतसुद्धा कधी माइक धरला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. आईने पहिल्यांदा ताटावरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं. ते खाली बघतच बोलले.

"पाव्हणं... आसाल तिथून या. म्या बोलावतोय. माझं चुकलं त्या दिशी."

मला रडू फुटलं. काजळाची वाट लागली, करवल्या रुमाल शोधायला लागल्या. आणि दाराशी गडबड झाली. मामा सकाळपासून गेटबाहेर जीपमध्ये बसून होता, हे मामीने नंतर सांगितलं. भोंगा त्याच्या डोक्यावरच होता. फेटा सावरत तो आत आला, माझ्याकडे न बघता थेट स्टेजवर गेला आणि वडिलांच्या हातातला माइक स्वतःकडे ओढून म्हणाला, "आलो, दाजी."

सरांनी पुढे होऊन माइक घेतला. पाहुण्यांकडे वळून ते म्हणाले, "ही हॅज कम." त्यांच्या तोंडून एवढं छोटं इंग्रजी मी पहिल्यांदाच ऐकलं.

मामाने येऊन माझा दंड धरला. "चल," तो म्हणाला. "लई येळ लावला तुझ्या बापानं." चुलत्याने टोपी काढून वारा घेतला.

मानाला सर नुसते सुटले. मामाचं पूर्ण कापड पहिलं झालं, पुकारा जसाच्या तसा, धारूरच्या मापाचा. चुलता लगेच त्यानंतर, 'फादर्स यंगर ब्रदर'. पाहुण्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी खाली उतरून आजीला विचारायला सुरुवात केली, हा कोण, ही कोण. काका होता, मामा होता. बापाच्या बहिणीला पिशी म्हणतात हे कळल्यावर ते माइकवर येऊन म्हणाले, "मंडळी, आपली आत्या त्यांच्यात पिशी हाय. विंग्रजीला आता रजा." मग बंगाली नाती मराठी उच्चारात पुकारली गेली, आणि ती माणसं हसत हसत येऊन फेटे बांधून घेत होती. वरण गार झालं. आचारी चिडला. सरांनी त्यालाही माइकवर विचारलं, तो कुणीकडून आहे.

दिवस कलायला लागला तसं मला निघायची घाई झाली. पुण्यापर्यंत जायचं होतं. मी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडले, वडिलांच्या, चुलत्याच्या, सरांच्यासुद्धा. सर डोळे पुसत म्हणाले, "पुण्यात कुणाला अंकल म्हणू नको." मग मी आईला शोधायला लागले. ती मांडवात नव्हती, स्वयंपाकाकडे नव्हती. वडील गेटपाशी उभे होते, गोंधळलेले. "आगं, घरी पाव्हणे हैत, समदं आवरायचंय," असं कुणाला तरी सांगत होते.

आई मामाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेली होती. मांडीवर पिशवी, अंगावर घट्ट पदर, चेहरा समोर रस्त्याकडे. पिशवी तिने केव्हा भरली, देव जाणे. "आवरा तुमी," ती वडिलांना म्हणाली. मामा स्टेअरिंगवर हात ठेवून, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने बसला होता.

मी जीपचं दार धरून हुंदके द्यायला लागले. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला, कपाळावरचं पसरलेलं कुंकू पदराने नीट केलं, आणि म्हणाली, "लवकर रड बाई. दादाच्या जीपला दिवे न्हाईत."